तीन हिसके

बजरंगनं इंजन दुकानाच्या ओट्यावर ठेवलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. धारूरच्या किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर वनिता गायकवाडचं हे दुकान. फवारणीचे पंप, पेट्रोलवर चालणारी छोटी इंजनं ती दुरुस्त करायची. सतीश, तिचा नवरा, गेल्यावर लोक म्हणाले होते, बाईमाणसाला हे जमायचं नाही. सहा वर्षांत तेच लोक आपापली इंजनं घेऊन दारात आले.

“जयभीम, वैनी. दोरी वडली की आतनं उलटी वडतंय. मनगट लचकलं माजं.”

“इंजन मागं मारत असंल, भावजी. बसा.”

बजरंग सतीशचा शाळेपासूनचा दोस्त. विहिरींतला गाळ काढायला दोघं जोडीनं जायचे. सतीश गेला त्या दुपारी त्याच्या कमरेच्या दोराचं वरचं टोक बजरंगच्याच हातात होतं. पाणी उपसणारं सतीशचं इंजन विहिरीतल्या कपारीवर चालू होतं, त्याचा धूर खाली कोंडला. जीव घाबरा झाला तर दोराला तीन हिसके द्यायचे, असं त्यांचं ठरलेलं होतं. सतीशनं एकही दिला नाही, असं बजरंगनं पोलिसांना सांगितलं. तिलाही सांगितलं.

तेव्हापासून वनिता मेलेल्या नवऱ्यावर चिडून होती. घरी लेकरं आहेत, एवढंही आठवलं नाही याला? लेकीच्या दाखल्यासाठी, घरावरच्या पत्र्यांसाठी बजरंगच धावून यायचा. नवऱ्यापेक्षा यालाच आमची काळजी, असं तिच्या मनात कितीदा येऊन गेलं होतं.

इंजनाला नवा हिरवा रंग दिलेला होता. तिनं तीन बोल्ट सोडवून, इंजन सुरू करायला ओढतात त्या दोरीचं झाकण वेगळं काढलं आणि मांडीवर घेतलं. आत घड्याळातल्यासारखी गुंडाळलेली स्प्रिंग, तिच्यावर चक्री, चक्रीला दोरी. स्प्रिंग ठीक होती, दोरी मात्र कुजली होती. वनितानं सव्वा मीटर नवी जाड दोरी कापली, तिची टोकं मेणबत्तीवर वितळवली, चक्रीला पक्की गाठ मारली. मनगटाला झटका बसू नये म्हणून स्प्रिंगचा एक पीळ कमी केला. मग दुसऱ्या टोकाची मूठ धरून दोरी सावकाश ओढून पाहिली.

दोरी आली. थांबली. आणि आतून तीन हिसके बसले.

स्प्रिंग अडकत असेल, म्हणून तिनं ती पुसली, तेल दिलं, पुन्हा बसवली. पुन्हा तीन. मधलं अंतर तेवढंच. इंजन मागं मारतं ते झाकण जोडलेलं असताना. हे तर तिच्या मांडीवर होतं.

तिनं झाकण उलटं करून आतला चिखल खरवडला. खाली खिळ्यानं कोरलेली दोन अक्षरं होती. स. गा. सतीश आपल्या प्रत्येक वस्तूवर ती अशीच कोरायचा.

“भावजी, हे इंजन कुठलं?”

“कावून? काय झालं?”

“तुमी तर ते विहिरीतलं इंजन भंगारात घातलं म्हणलता.”

बजरंग रस्त्याकडं बघत राहिला. “चांगलं इंजन व्हतं, वैनी. मन झालं न्हाई.”

वनितानं पकडीनं स्प्रिंग बाहेर काढून ताटलीत ठेवली. चक्री बोटानं फिरवली तर नुसतीच फिरत होती. दोरीला मागं ओढणारं आता आत काही नव्हतं.

तिनं मूठ बजरंगसमोर धरली. “धरा.”

त्यानं धरली. दोरी ताठ झाली. त्याचा हात खाली गेला. एकदा. दोनदा. तीनदा.

मग जरा थांबून पुन्हा तीनदा.

तो दचकला नाही. वनिताला तेच दिसलं. ओळखीचं कुणी दारात येऊन उभं राहावं, तसा त्याचा चेहरा झाला होता.

“किती वेळा?” तिनं विचारलं.

मूठ अजून त्याच्या हातातच होती.

“चारदा,” तो म्हणाला. “फोनवर व्हतो, वैनी. विहिरीच्या मालकाचा फोन व्हता. दम धर बे, म्हणलं त्याला वरून. वाटलं, वर यायची घाई करतोय. फोन ठिवला तवर दोर हालायचा थांबलता.”

“आन मला सांगितलं, त्यानं हिसका दिलाच न्हाई.”

“दुसरं काय सांगणार व्हतो?”

“सहा वर्षं मी त्याला शिव्या घातल्या, बजरंग.”

आजवर तिनं त्याला नुसत्या नावानं कधी हाक मारली नव्हती. त्यानं मूठ सोडली, ओट्यावरून उतरला आणि चपला न घालताच तापल्या डांबरावरून चालू लागला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

मूठ तिच्या मांडीवरून खाली लोंबत होती. वनितानं ती हातात घेतली.

तीन हिसके आले. या वेळी कमजोर.

तिनं ओढलं. माणसाला वर काढावं तसं, हातामागं हात टाकत. सव्वा मीटरची दोरी दुसऱ्या हाताला संपायला हवी होती. तिनं पाचव्यांदा हात बदलला तरी ती येतच होती. आता ती ओली लागत होती, आणि जड.