सजावटीचं चित्र

लिंडनच्या झाडाखाली कुणीतरी रालित्साचीच वाक्यं वाचत होतं... भलत्याच बाईच्या आवाजात, बस चुकायला आल्यासारखं घाईघाईने. "एप्रन. जुना. लाल."

ती थबकली. प्लोवदिव शहरातल्या वस्त्रसंग्रहालयाच्या वेबसाइटवर, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक फोटोचं वर्णन लिहायचं, हे तिचं काम. बाकावरच्या तरुणाच्या मांडीवर बोलणारा लॅपटॉप होता आणि शेजारी घडी केलेली पांढरी काठी.

"हे लिहिणारी बाई फार कंजूष दिसते," तिच्या पावलांच्या दिशेने तो म्हणाला.

"ती बाई मीच."

तो ओशाळेल असं तिला वाटलं. कसला ओशाळतोय! "मग सांगा ना... डाग आहेत? ठिगळ? कुणी नेसून झिजवलाय की नुसताच पेटीत पडून होता?"

हा यासेन. वेबसाइट कानांनी तपासायला वार्नाहून तीन आठवड्यांसाठी आलेला.

मग रोज दुपारी तोच बाक, चीज भरलेली गरम बानित्सा आणि त्याचे प्रश्न. तो विचारायचा, ती पुन्हा फोटो उघडायची. खरं सांगायचं तर तोवर तिने त्या फोटोंकडे धड पाहिलंच नव्हतं. लाल एप्रनच्या कडेला कुणीतरी निळ्या दोऱ्याने घाईत मारलेला टाका होता. तो तिने लिहिला, तेव्हा यासेन इतका खूश झाला की ती दिवसभर उगाचच गुणगुणत राहिली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

वेबसाइटच्या पानांच्या कडेच्या वेलबुट्टीचं वर्णन मात्र रिकामं सोडायचं असतं. ते सजावटीचं चित्र. वाचून दाखवणारं यंत्र तिथे एक शब्द न बोलता पुढे जातं.

शेवटचा शुक्रवार आला. चारला त्याची गाडी होती. 'जाऊ नकोस' हे दोन शब्द रालित्सा सकाळपासून तोंडात घोळवत होती, पण ते काही बाहेर पडेनात.

"एक चूक राहिलीय," यासेन म्हणाला. "कर्मचाऱ्यांचं पान. साहेबांच्या मिशांवर दोन ओळी, दारावरच्या पेन्काबाईंच्या चष्म्यावर एक. आणि तुझ्या फोटोवर... शांतता."

"त्यात सांगण्यासारखं काही नाहीये."

"म्हणजे तू वेलबुट्टी?"

तिचे कान तापले. यासेनचा आवाज एकदम खाली आला. "तीनशे एप्रन ऐकले मी तुझ्याकडून. आता तुझ्याबद्दल ऐकायचंय... रोज. मी इथे राहायला येईन, तू ये म्हणालीस तर. म्हणशील?"

रालित्साने तोंडातला बानित्साचा घास घाईघाईने गिळला.

तो वाट पाहत राहिला. झाडावर मधमाश्या गुणगुणत होत्या. मग त्याने हळूच लॅपटॉप मिटला, काठी उघडली.

"रिकामं," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "बरं... मग पुढे जातो."

"थांब—" ती कशीबशी म्हणाली. "वर्णन आहे. एक मुलगी. हनुवटीला बानित्सा चिकटलेली. मघापासून मान हलवतेय, हो म्हणून... आणि वेडीला आत्ता कळलं की तुला ते ऐकू येत नाही."

काठी पुन्हा मिटली. "आणखी?"

"तिचा हात तुझ्या हातापासून एक वीत लांब आहे. आता अर्धी वीत..."

पुढचं तिला सांगावं लागलं नाही.