उजवी रिकीब

ही घटना घडलेली आहे. ज्यांच्यासमोर घडली ती तिन्ही माणसं आज नाशकातच आहेत.

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. सकाळचे पावणेआठ. मखमलाबादच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधलं एक मोकळं मैदान.

अंधार नव्हता. धुकंही नव्हतं. लख्ख ऊन होतं.

निवृत्ती तिथे मुलांना घोड्यावर बसायला शिकवतो. अकरा वर्षं तो आणि धाकटा भाऊ संतोष मिळून शिकवत होते. घोडीची डावी बाजू निवृत्तीची, उजवी संतोषची. मूल डाव्या रिकिबीत पाय टाकून चढतं, तेव्हा खोगीर डावीकडे ओढलं जातं. म्हणून उजवी रिकीब कोणीतरी खाली दाबून धरायची. ती संतोष धरायचा. खोगीर जागेवर बांधणारा पोटाखालचा पट्टा, तंग, तोही उजवीकडून तोच आवळायचा.

निवृत्तीने तो एकदाही तपासला नाही. भावाने आवळलेला तंग कोण तपासतं?

जानेवारीत संतोष गेला. दुचाकीचा अपघात.

तेराव्यानंतरचा हा पहिलाच वर्ग. निवृत्तीला रडू आलं नव्हतं. जेवण जात होतं. झोप लागत होती. आत काहीच हलत नव्हतं.

वेदिका नवीन मुलगी. वय नऊ. तिच्या आई, मोहिनीताई, कुंपणाशी मोबाइल धरून उभ्या होत्या.

"लगाम डाव्या हातात. डावा पाय रिकिबीत. एक, दोन... चल."

वेदिका चढली. पहिल्याच झटक्यात.

"आई, बघितलंस? सर, तुम्हीच घाबरलात का? चढले तर मी!"

निवृत्ती खाली बघत होता.

मैना घोडीच्या पोटाखाली... तंगाचं मोकळं टोक लोंबत होतं.

तो आवळलेलाच नव्हता.

खोगीर नुसतं पाठीवर ठेवलेलं होतं. वेदिका चढताना ते फिरायला हवं होतं. ती घोडीच्या पायांत पडायला हवी होती.

खोगीर तसूभरही सरकलं नव्हतं.

"वेदिका, हलू नकोस."

"सर, मला उजवी रिकीब सापडत नाहीये."

तिचा उजवा पाय हवेत होता. निवृत्तीने मैनाच्या मानेवरून पलीकडे पाहिलं.

उजव्या रिकिबीत कोणाचाच पाय नव्हता. तरी तिचा पट्टा... खाली ताणलेला होता. तारेसारखा.

बाजूला कोणी नव्हतं.

"डावा पाय रिकिबीतून काढ. पुढे वाक. आता उजवा पाय मागून आण." त्याचा आवाज रोजच्यासारखाच निघाला. "मी धरलंय. सोड."

ती उतरताना सगळं वजन डावीकडे आलं.

खोगीर जागचं हललं नाही.

"अहो सर, आत्ता तर बसली!" मोहिनीताई ओरडल्या. "एक फोटो तरी काढू द्यायचा!"

"तिला तुमच्याजवळ घ्या, ताई."

तो वळसा घालून उजवीकडे गेला.

माती साफ होती. मैनाचा उजवा कान त्याच बाजूला वळलेला... एखाद्याचं बोलणं ऐकावं तसा.

त्याने रिकिबीच्या पट्ट्याला बोट लावलं. पट्टा थरथरत होता. बराच वेळ ओझं धरून दमलेला हात थरथरतो, तसा.

निवृत्तीला कळलं, आता तंग आवळायचा. आवळला की कोणी धरायची गरज उरणार नाही.

तो तसाच उभा राहिला.

"सर, काय झालं?" वेदिकाने विचारलं.

मग तो वाकला, तंग ओढला. पहिलं छिद्र. दुसरं. तिसरं.

रिकिबीचा पट्टा... सैल पडला. रिकीब दोनदा हलली आणि थांबली.

आता रोज तंग निवृत्तीच आवळतो. दोनदा तपासतो. उजवीकडे एक माणूसही ठेवलाय. त्यानंतर रिकीब कधी ताणली गेली नाही.

सोमवारी वर्ग नसतो. दर सोमवारी तो एकटाच मैदानावर जातो. मैनावर खोगीर चढवतो. तंग मोकळा सोडतो. डावा पाय रिकिबीत टाकतो.

आणि वजन टाकत नाही.

पाय बधिर होईपर्यंत उभा राहतो. मग उतरवून घेतो सगळं.

खोगीर सरकण्याची भीती वाटते, की न सरकण्याची... हे त्याला अजून सांगता आलेलं नाही.