मधली मोकळी पट्टी

सांगलीच्या कलादालनात अमूर्त चित्रांचं समूह प्रदर्शन उघडायला अजून तासभर होता, आणि वैजयंतीबाई नवऱ्याच्या चित्रापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

चित्रकार पाच, पण एकानेही ब्रश हातात धरलेला नव्हता. पाचही जणांची वाचा पक्षाघाताने गेलेली. डोक्यावर बारीक तारांची हलकी टोपी चढवायची. मेंदूत उठणारे तरंग ती टिपते, आणि त्यांचा जोर, त्यांची लय ‘मनोरेखक’ नावाचं यंत्र समोरच्या कॅनव्हासवर रंगांनी उमटवतं. शब्द काही त्यातून निघत नसत. पण चाळीस वर्षं गावोगाव कीर्तन केलेले नरहरबुवा मुके झाले होते, ते टोपी आल्यापासून शेंदरी-निळ्या लाटांमधून काहीतरी सांगत होते. काय, ते कळत नसलं तरी वैजयंतीबाई रोज देवापुढे हात जोडत, आणि जाताजाता टोपीलाही हळदकुंकू लावत.

“तेजश्री, ही मधली पट्टी ह्यांची नाही ग,” त्या म्हणाल्या.

तेजश्री कोलप मनोरेखक सांभाळणारी अभियंता. ती ओशाळली. “कसं ओळखलंत काकू? तिथे तरंग तुटले होते. अशी जागा आमचा ‘पूरक’ भरतो, आजूबाजूचे रंग बघून, अंदाजाने. चित्र फाटल्यासारखं दिसू नये म्हणून.”

“तीस वर्षं पेटीवर साथ केली मी. ह्यांचं कुठलं आणि उसनं कुठलं, एवढं कळायला नको?”

“दर वेळी असंच होतं. चाळीसेक मिनिटं छान चालतं, मग चार-पाच मिनिटं सगळं सपाट, आणि मग आपोआप सुरू.” तेजश्रीचा आवाज उतरला. “आज डॉक्टरांची समिती येतेय, काकू. लक्ष सलग टिकत नसेल तर टोपी पुढच्या रुग्णाला द्यायची, असा नियम आहे. टोप्या पाचच, आणि रांगेत दोनशे जण.”

टोपी गेली म्हणजे बुवा दुसऱ्यांदा मुके. बाईंनी पर्स छातीशी घट्ट धरली.

उद्घाटन झालं, हारतुरे झाले. मग समितीसमोर बुवांची चाकाची खुर्ची कोऱ्या कॅनव्हासपुढे आणली. रंग संथ उमटू लागले, हळूहळू दाटले. बघता बघता वैजयंतीबाईंची बोटं मांडीवर पेटीच्या पट्ट्या दाबू लागली. ही चाल, हा ठेहराव त्यांच्या हाताला पाठ होता. लय चढली, टिपेला गेली, आणि थांबली. पडद्यावरची रेघ सपाट झाली.

प्रमुख डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. तेजश्रीचा हात सवयीने पूरकाच्या बटणाकडे गेला.

“थांब. हात नको लावूस.” वैजयंतीबाई उठल्या. “अग, पूर्वरंग संपलाय.”

निरूपण झालं की बुवा थांबायचे. यजमान पुढे येऊन कपाळी बुक्का लावायचा, हार घालायचा, सभा नामघोष करायची. मग बुवा आख्यानाला हात घालायचे. आताही हा माणूस रोज इथपर्यंत येऊन थांबत होता. हार घेऊन कुणीच येत नव्हतं. थोडी वाट बघून तो तसाच, बिनहाराचा, पुढे जात होता.

“बाई, परीक्षा चालू असताना मध्ये येता येणार नाही,” डॉक्टर म्हणाले.

“परीक्षा कसली डॉक्टर, मध्यंतर चाललंय. तुमचा तो हार द्या बघू.”

डॉक्टरांनी गोंधळून गळ्यातला हार काढून दिला. बाईंनी पर्समधली बुक्क्याची डबी उघडली. लग्नातला सोडला तर नवऱ्याला हार घालायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्या कायम पेटीमागे. बुक्का जरा भुवईवर सांडला. हार घालताना बुवांनी मान किंचित झुकवली, यजमानापुढे झुकवत तशीच. बाईंनी वाकून नमस्कार केला आणि हलक्या आवाजात “विठ्ठल, विठ्ठल” सुरू केलं. मागे कुणीतरी सूर धरला.

रेघ उठली. कॅनव्हासवर गर्द निळा रंग असा आला, की आख्यानच उभं राहिलं.

“खंड किती?” डॉक्टरांनी विचारलं.

“हार मिळेपर्यंत, सर,” तेजश्री म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: टोपी राहू द्यावी. मधली पट्टी मोकळी ठेवावी.

“पांडुरंगाने तुझे हात धाडले ग आमच्यासाठी,” वैजयंतीबाईंनी तेजश्रीच्या गालावरून हात फिरवला. पण तेजश्रीचं लक्ष शेजारच्या चित्राकडे होतं. पिवळं, भरगच्च, कुठे तीळभर जागा नाही.

“हे कुणाचं?” बाईंनी विचारलं.

“एका शिक्षिकेचं. प्राथमिक शाळेत शिकवायच्या. ह्यांच्या चित्रात एकवीस ठिकाणी खंड पडला होता, काकू. सगळे भरले आम्ही.”

वैजयंतीबाई त्या पिवळ्या चित्राजवळ गेल्या.

“वर्गाला काहीतरी विचारलं असेल बाईंनी,” त्या म्हणाल्या. “उत्तराची वाट बघत असतील. आता काय विचारलं होतं, ते कुणाला ठाऊक असेल ग?”