पास्कापर्यंतची क्षमा

"पुन्हा माझ्या वलांडीवर तुझे बोंबील? लाज हाय का न्हाय गो?"

पास्काची, म्हणजे ईस्टरच्या सणाची, मिस्सा ऐकून देवळातून आलेली व्हेरा नव्या लुगड्यातच अंगणात, मासळी सुकवायच्या बांबूंपाशी कडाडली, आणि समोरच्या दारात तिची धाकटी जाऊ सेलेस्टिन हातातला टोप घेऊन थिजलीच! कालपर्यंत हीच वैनी किती गोड बोलत होती... पास्काआधीच्या चाळीस दिवसांच्या साऱ्या उपवासकाळात एक कठोर शब्द नाही!

व्हेराचं दुःख जुनं होतं. सासू गेली तेव्हा धाकटा दीर लुईस एवढासा. त्याला तिने पोटच्या मुलाच्या मायेने वाढवलं, त्याच्या लग्नात पुढची ऐसपैस खोली त्याला देऊन स्वतः नवऱ्यासह मागच्या पडवीत गेली... आणि सेलेस्टिनने महिन्याच्या आत चूल वेगळी मांडली! ते शल्य व्हेराच्या अंतःकरणात रुतून बसलं. म्हणून त्या वर्षी, १९६४ साली, उत्तनच्या बाया उपवासकाळासाठी मटण सोडत होत्या तेव्हा हिने राग सोडला. आणि पास्का उजाडताच, नवस फिटला म्हणून, मटणाबरोबर तोही घरात परत आणला!

पापनिवेदनाला गेल्यावर तिने हे सरळ सांगून टाकलं. "फादर, उपासकाल संपला न्हाय का? मंग?"

फादरांना हसू आवरेना. "बरं बाई, पुढच्या वर्षी पास्कानंतर एक दिवस जास्त ठेव. जमलं तर दोन. देवाला घाई नाही."

व्हेरा हट्टाची पक्की. पुढच्या वर्षी तिची क्षमा पास्काच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळपर्यंत टिकली. त्यानंतर आठवडाभर. एके वर्षी तर पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढेपर्यंत ती गोड होती, आणि नवरा मायकेल बिचारा तिला ताप आलाय का ते बघत होता! मध्येच एकदा सेलेस्टिनच्या कोंबड्याने हिचे बोंबील टोचले आणि पास्काआधीच्या पवित्र आठवड्यातच सगळं मुसळ केरात... व्हेरा रडली, चिडली, आणि पुढच्या राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, पुन्हा कपाळाला राख लावून पहिल्यापासून लागली.

असं करता करता १९७३ साल आलं. राखेच्या बुधवाराच्या आदल्या दुपारी व्हेरा ओट्यावर बसून राग शोधू लागली. चूल आठवली, खोली आठवली, कोंबडाही आठवला... पण काळीज काही पेटेना! ती घाबरलीच. तशीच उठून जावेच्या दारात गेली.

"सेलेस्टिन, उद्या मी काय सोडू गो? दर साली तुझ्यावरचा राग सोडत होते. यंदा तोच न्हाय!"

सेलेस्टिन आधी खळखळून हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

"वैनी, लोकांना उपासकाल सरता सरत न्हाय. मना मात्र तो लय लहान वाटायचा! तवाच तू मना नावानं हाक मारायचीस... सालभर मी त्याचीच वाट बघायची."

"मंग चूल का वेगली केलीस?"

"मी काय पन रांधलं तरी लुईस म्हनायचा, वैनीच्या हातची चव न्हाय! नवी नवरी होते मी. तुझ्यासमोर रोज हरायची, वैनी..."

व्हेराच्या काळजात चर्र झालं! आपण केवढा त्याग केला म्हणून इतकी वर्षं देवापुढे ताठ मानेने गुडघे टेकले, आणि ही पोर भिंतीपलीकडे आपल्या दोन गोड शब्दांसाठी झुरत होती! तिने सेलेस्टिनला पोटाशी धरलं. दोघी मनसोक्त रडल्या.

दुसऱ्या दिवशी देवळातून परतताना, दोघींच्या कपाळांवर राख बघून मायकेलने विचारलं, "काय गो, यंदा काय सोडलंस?"

"मोठेपना!" व्हेरा म्हणाली आणि स्वतःच हसली. "पन हा काय एका उपासकालात जायचा न्हाय."

"जाईल हळूहळू," तिचा हात धरून चालणारी सेलेस्टिन म्हणाली, "मना कुठं जायचं हाय, वैनी?"