तीनशे लांबलचक शेरे

"बाई, पाचला माझी नोकरी जाणार. औषधच खराब होतं हो." फोनवर नर्स रडत होती. तेव्हा दुपारचा एक वाजला होता.

औषध-तपासनीस बाई तडक कारखान्यात पोचल्या. नर्सच्या तीन पेशंटना इंजेक्शननंतर सणकून ताप भरला होता. रिकाम्या बाटल्या जाळून झालेल्या, त्यांचे नंबर कुणाकडेच नव्हते. औषध निर्दोष ठरलं की दोष आपसूक नर्सच्या माथी.

"चार कोटी बाटल्या, प्रत्येकीची एक नोंद," मॅनेजर म्हणाला. "नोंद पुसता येत नाही, मोजणी यंत्र करतं. याआधी दोनदा तुम्ही वाटेल त्या तीनशे काढल्यात. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पुन्हा काढा."

कारखान्याच्या प्रोग्रामरने बटण दाबलं. त्याचा प्रोग्राम फाईलभर उड्या मारायचा, म्हणून सगळे त्याला नाकतोडा म्हणत. क्षणात तीनशे नोंदी आल्या. सगळ्या पास, आणि प्रत्येकीखाली ऐसपैस शेरा: द्रव स्वच्छ, रंग योग्य, बूच घट्ट, कण नाहीत, आणि असंच बरंच काही.

"तीनशेत एकालाही लिहायचा कंटाळा आला नाही?" बाईंनी विचारलं.

"आमचं काम चोख असतं."

बाई प्रोग्रामरकडे वळल्या. "उडी पडते कुठे?"

"फाईलच्या लांबीत कुठेही. जिथे पडेल ती नोंद उचलायची. अख्खी वाचायला दोन तास लागतात."

"मग वाचा. पहिल्या तीनशे हातात धरा. पुढच्या प्रत्येक नोंदीला, तोवर वाचलेल्या सगळ्यांइतकीच आत यायची संधी द्या. ती आली की हातातली कुठलीही एक बाहेर."

मॅनेजर उठलाच. "डोंगर पोखरून उंदीर काढणार तुम्ही."

"उंदीरच हवाय मला."

साडेचारला वाचन संपलं. तीनशेपैकी चार नोंदींत नुसता बाटलीचा नंबर होता, पुढे काही नाही. त्या बाटल्या तपासल्याच नव्हत्या.

"अंधारात दगड भिरकावला तर लांबलचक भिंतीला लागतो, खांबाला क्वचित," बाई म्हणाल्या. "लांब शेऱ्याच्या नोंदीने तीसपट जागा अडवली होती. उडी तिच्यावरच पडणार. शंभरात एक बाटली न तपासता जात होती आणि आम्हाला दिसत नव्हती."

"याचाच प्रोग्राम," मॅनेजरने बोट दाखवलं.

नाकतोड्याचा चेहरा पांढराफटक पडला. "चूक माझीच आहे, बाई."

"चूक तुमची, पण फायदा कुणी उठवला? लांब शेऱ्यांचा हुकूम कुणाचा?"

"साहेबांचा," तो हळूच म्हणाला. "मार्चमध्ये त्यांनी माझ्याकडून उड्यांची पद्धत समजून घेतली. त्याच आठवड्यात शेऱ्याचा मजकूर ठरवून दिला."

"आणि पूर्ण वाचन नको, असं मघाशी कोण म्हणालं ते आपण ऐकलंच."

मॅनेजर मटकन बसला. "माल वेळेत जायला हवा होता. तपासत बसलो असतो तर गेला नसता."

पावणेपाचला बाईंनी नर्सला फोन लावला. "हॉस्पिटलला सांगून तुमच्यावरची कारवाई थांबवली. औषध बाजारातून परत मागवतोय."



"दुसरं नव्हतं म्हणून आज सकाळी मी आणखी दहा जणांना तेच टोचलंय, बाई."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग वॉर्डाकडे पळत गेलेल्या पावलांचा.