जग्वार समोर बघेना

"बोटं जाळीत घालू नका हं. वय लहान असलं तरी दात लहान नाहीत!"

प्राणिसंग्रहालयात माझ्याशी तो बोललेलं हे पहिलं वाक्य. जग्वारच्या पिल्लाचं खाणंपिणं तोच बघायचा. वर्गात बोलावं तसा जनावरांशी बोलायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत.

दारावरच्या मोठ्या फलकासाठी मला पिल्लाच्या चेहऱ्याचा फोटो हवा होता – समोरून, स्थिर. पण ते काही केल्या माझ्याकडे बघेना! मास्तर उभा असेल तिथे जाळीला गाल घासायचं, लोळायचं, चारी पाय वर करायचं. मी मनातल्या मनात नाम घेत वाट बघत राहायचे. वाट बघायला मला आवडतं… इथे तर जरा जास्तच आवडू लागलं होतं.

शेवटचा दिवस उजाडला. आज फोटो मिळाला नाही, तर उद्यापासून दुसरा फोटोग्राफर येणार होता.

"फार जीव दिसतो तुमच्यावर त्याचा," मी म्हटलं.

"एरवी ढुंकून बघत नाही हो! हल्लीच काय झालंय कोण जाणे…"

तेवढ्यात डॉक्टरबाई पिल्लाला बघायला आल्या. त्यांनी नाक वर करून वास घेतला.

"अत्तर कोणी लावलंय? सुवास आला की ही जनावरं खुळावतात. इतकी वर्षं इथे काढलीस, तुला हे मी सांगायचं?"

मास्तरचे कान लालबुंद!

"कधीपासून चाललंय हे?" बाईंनी हसू दाबत विचारलं.

"सोमवारपासून," तो जमिनीशीच बोलला.

सोमवारी मी आले होते.

तो नळावर गेला, मान-मनगटं खसाखसा धुतली, कामाचा जुना शर्ट चढवून परत आला. पिल्लानं त्याला हुंगलं, कंटाळून तोंड फिरवलं… आणि ते सोनेरी डोळे थेट माझ्यावर!

क्लिक.

काम झालं. आता उद्या इथे यायला निमित्तच उरलं नव्हतं. मी लेन्स पुसत बसले – सावकाश, अगदी सावकाश.

"एक फोटो मिळेल?" तो घुटमळत म्हणाला. "आईला दाखवायचाय."

"पिल्लाचा?"

"नाही…"

"मग तुमचा? तुम्हाला तर त्या रोजच बघतात!"

"माझा कशाला…" तो पिल्लाकडे बघत म्हणाला. "तुमचा."

मी गळ्यातला कॅमेरा काढून त्याच्या हातात दिला. बट कानामागे सारली.

"हलू नका हं," तो म्हणाला. हलत होते ते त्याचेच हात.

"नाही जमत," शेवटी तो हिरमुसून म्हणाला. "सगळे धूसरच येतायत."

"राहू द्या मग," मी म्हटलं. "आईंना मीच येऊन भेटते."