बर्गनच्या पुढचा रस्ता

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात, हेडविगच्या इमारतीत दोन गोष्टी पवित्र मानल्या जात. एक म्हणजे मिडसमरची, जूनमधल्या उन्हाळी सणाची सुट्टी, आणि दुसरी तळघरातल्या सामाईक धुलाईखोलीत आपण राखून ठेवलेली वेळ. कुणी कुणाचा नवरा पळवला तर शेजारी एखाद वेळेस विसरतील, पण धुण्याची वेळ पळवलेली जन्मभर लक्षात ठेवतात. म्हणून मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन ती खाली उतरली आणि आपल्या वेळेत दुसऱ्याच कुणाचं मशीन गरगरताना तिने पाहिलं, तेव्हा भांडणाची पहिली दोन वाक्यं तिच्या जिभेवर तयार होती.

कपड्यांच्या घड्या घालायच्या टेबलावर एक उंच तरुण ओणवा झाला होता. समोर भलामोठा नकाशा. त्याचे कोपरे गुंडाळू नयेत म्हणून एकीकडे साबणाचा डबा आणि दुसरीकडे ओल्या मोज्यांची जोडी ठेवलेली.

“ही वेळ माझी आहे,” हेडविग म्हणाली.

त्याने वर पाहिलं. चोरी पकडली गेल्यावर माणूस लाजतो तसा तो लाजला, पण नजर मात्र खाली घेतली नाही. “आणखी दहाच मिनिटं... मशीनची. मी हवं तर आत्ता बाहेर जातो.”

त्याच्या स्वीडिशमागून डॅनिश डोकावत होती. भांडणाचं पहिलं वाक्य हेडविगने गिळलं. दुसरं म्हणायला ती टेबलाजवळ गेली, आणि तिचं लक्ष नकाशावरच्या लाल रेघेकडे गेलं. गोथेनबर्गहून निघालेली रेघ स्टॉकहोमला पोचत होती आणि तिथे बारीक अक्षरात, तिकडे वर्षाचे आठवडे मोजतात त्या रीतीने लिहिलं होतं: आठवडा पंचवीस, शुक्रवार, मुक्काम.

“मिडसमरच्या दिवशी स्टॉकहोम?” तिने विचारलं.

“का... काय झालं?”

“काही नाही. तुझं स्वागत करायला कबुतरं असतील. बाकी चिटपाखरू नसेल. खानावळी बंद, दुकानं बंद, माणसं सगळी गावाला. तू इथे नवीन आहेस?”

नवीन नव्हता. आपलं नाव आस्गर, असं सांगून तो म्हणाला की दोन वर्षं झाली, गोदीत लाकडी बोटी दुरुस्त करतो. पण दोन्ही वर्षी जूनमध्ये तो घरी, डेन्मार्कमधल्या ऑर्हुसला गेला होता. तिथे त्या दिवसांत समुद्राकाठी होळी पेटवतात, गाणी म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाला नेहमीसारखा दुकान उघडतो. एक अख्खा देश दार लावून शेतात नाचायला जातो, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“डेन माणसाला एकट्याने नकाशा काढायला देऊच नये,” हेडविग म्हणाली.

“मग मदत कर ना,” तो पटकन म्हणाला.

त्या देशात पंतप्रधानालाही अरे-तुरेच करतात, तेव्हा ‘तू’ म्हणण्यात काही विशेष नव्हतं. पण त्याने ते ज्या तऱ्हेने म्हटलं त्यात मात्र विशेष होतं. हेडविग गावात ट्राम चालवायची. पाऊस असो, बर्फ असो, तीन डबे भरून माणसं वळणावरून नेताना तिचा हात कधी हलला नव्हता. त्या संध्याकाळी पांढऱ्या कपड्यांत तिने लाल टॉवेल टाकला.

पुढच्या आठवड्यात धुलाईखोलीची वेळ दोघांनी लागोपाठ घेतली. त्याच्या पुढच्या आठवड्यात कपडे फारसे मळलेले नसतानाही घेतली. कॉफीचा थर्मास आला, वेलचीचे पाव आले, आणि नकाशाला घड्यांवर भोकं पडू लागली.

बेत असा होता: स्टॉकहोम, मग नॉर्वेत ओस्लो, मग डोंगर ओलांडून बर्गन. बर्गनहून गाडीसकट बोटीत बसायचं, डेन्मार्कला उतरायचं आणि ऑर्हुस गाठायचं. रेघ ऑर्हुसला जाऊन थांबत होती. परत यायचा रस्ता दाखवायला तो विसरला असावा असं हेडविगला वाटलं. तिने सहज विचारलं. त्यानेही सहजच सांगितलं की इथला करार संपतोय, काकाची बोटींची गोदी आहे, ऑगस्टपासून तिकडेच.

“म्हणजे... कायमचा?”

“बहुतेक,” तो म्हणाला आणि थर्मासचं झाकण घट्ट बसवत राहिला.

हेडविगने नकाशावरची रेघ पुन्हा एकदा पाहिली. ज्या वाटेने हा माणूस आपल्या आयुष्यातून जाणार आहे, ती वाट आपणच मोठ्या हौशीने आखून देतोय, हे तिला तेव्हा कळलं. आपण याच्या प्रेमात पडलो आहोत हेही त्याच मिनिटाला कळलं. दोन्ही बातम्या एकदम आल्या म्हणजे माणसाने काय करावं? तिने पेन उचललं आणि उप्सालाभोवती गोल केला.

“उप्साला बघितल्याशिवाय ओस्लोला जाणं म्हणजे पाप आहे,” तिने सांगितलं.

मग एरेब्रू आलं. मग कार्लस्टाड. मग एका संध्याकाळी तिने पेन सरळ वर नेलं आणि ट्रॉन्डहाइम घातलं. आस्गरने नकाशा उलटसुलट करून पाहिला.

“ओस्लोहून बर्गनला जाताना ट्रॉन्डहाइम वाटेत लागतं?”

“थोडंसं वळण आहे.”

“थोडंसं? अशाने मी बर्गनला पोचेन तेव्हा बर्फ पडत असेल.”

“मग घाई कसली आहे?” असं म्हणून ती त्याच्याकडे बघत राहिली. तो हसला, पण काही बोलला नाही. बोलला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण त्या मुलखात दुसऱ्याच्या गाडीत आपणहून बसायचं नाही, आणि कुणाला अवघडायला होईल असं आपणहून विचारायचंही नाही, हे माणसं बाळकडूतच पितात. दोघंही पोटभर प्यालेली.

गाडी मात्र बोलत होती. त्याची जुनी निळी गाडी अंगणात उभी असायची. जूनच्या सुरुवातीला हेडविगने पाहिलं तर चालकाशेजारची फाटकी गादी त्याने काढून नवी बसवली होती, शिडाच्या जाड कापडाची, टाके अगदी एकसारखे. स्वतःची गादी तशीच फाटकी.

“इथे कोण बसणार?” तिने विचारलं.

“नकाशा,” तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

मिडसमरला स्टॉकहोम बंद, हे ठरल्यावर मुक्कामाचा प्रश्न होताच. हेडविगने तो चुटकीसरशी सोडवला. पुलाने जोडलेल्या ओरुस्ट बेटावर तिच्या आईचं लाकडी घर होतं. तिथे सण करायचा आणि शनिवारी सकाळी त्याने तिथूनच स्टॉकहोमची वाट धरायची. एक दिवस वाढला. तेवढाच तिच्या पदरात.

सण नेहमीसारखा झाला. पानाफुलांनी मढवलेला खांब उभा राहिला तेव्हा भुरभुर पाऊस आला, जेवणं लागली तेव्हा ऊन पडलं. हेरिंग, कोवळे बटाटे, शेपू, स्ट्रॉबेरीचा केक. गाणं म्हणत सगळे दारूचे छोटे पेले रिकामे करत होते, पण आस्गरने आपला पेला पालथा ठेवला. सकाळी गाडी चालवायची होती. खांबाभोवती रिवाजाप्रमाणे बेडकासारख्या उड्या मारायची वेळ आली तेव्हा मात्र तो सगळ्यांत उंच उडाला. हेडविगचा धाकटा भाऊ सिक्स्टेन तिच्या कानाशी येऊन म्हणाला, “ताई, हा बेडूक परत पाठवायचा म्हणतेस?” तिने त्याच्या पायावर पाय दिला.

जेवणानंतर आईने आठवण केली की फुलं वेचायची राहिलीत. मिडसमरच्या संध्याकाळी लग्नाच्या मुलीने सात कुंपणं ओलांडून सात जातींची फुलं आणायची, रात्री उशाखाली ठेवायची. होणारा नवरा स्वप्नात येतो. अट एकच, घरी येईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. हेडविगचा असल्या गोष्टींवर मुळीच विश्वास नव्हता, आणि दहाव्या वर्षापासून तिने एकही साल चुकवलं नव्हतं. यंदा तर तिला स्वप्नाची फारच गरज होती. उघड्या डोळ्यांनी जे विचारता येत नाही, त्याचं उत्तर झोपेत मिळालं तर बरं, असा तिचा हिशेब.

संध्याकाळ झाली तरी सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता. गवत ओलं होतं. पाच कुंपणं झाली, पाच जातींची फुलं झाली, आणि सहाव्या कुंपणाशी मागून पावलं वाजली.

“हेडविग, जरा थांबतेस?”

आस्गर होता. धावत आल्यामुळे धापा टाकत होता. त्याच्या गावी होळी असते, फुलं नसतात, आणि आईने अट सांगितली तेव्हा तो सिक्स्टेनबरोबर गाडीत सामान भरत होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

“आत्ता बोलतो, नाहीतर मला कधीच जमणार नाही,” तो म्हणाला. “मला इथल्या गोदीत कायम करायला मालक तयार आहेत. सोमवारी फोन करून सांगायचंय. काकाला मी अजून पक्कं काहीच सांगितलेलं नाही... कारण ते तुझ्यावर आहे. तू माझ्याबरोबर आलीस, तर बोट घ्यायची नाही. बर्गनहून गाडी वळवायची आणि इथेच परत यायचं. तू नाही म्हणालीस, तर मी बोटीत बसेन. गादी तुझ्यासाठीच शिवली होती. येशील?”

दीड महिना ज्या वाक्याची वाट पाहिली ते आलं, आणि नेमकं तेव्हा तिच्या तोंडाला कुलूप. हेडविग गोंधळली. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि जोरजोरात नकारार्थी मान हलवली. तिला म्हणायचं होतं, आत्ता बोलता येत नाही, दोनच कुंपणं राहिलीत, थांब.

आस्गरने ती मान पाहिली. त्याचा चेहरा उतरला, पण त्याने तो लगेच सावरला.

“कळलं. पुन्हा विषय नाही काढणार,” तो हळूच म्हणाला. “मी आत्ताच निघतो. रस्ते मोकळे आहेत. आईंना सांग, जेवण फार छान होतं.”

आणि तो वळला. चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो हसून वळला.

मौनं सर्वार्थसाधनम् म्हणतात खरं, पण म्हणणाऱ्याच्या समोरून असा कुणी निघून गेला नसावा. हेडविग कुंपणाला धरून उभी राहिली. हातात पाच फुलं, दोन बाकी. त्याची पाठ लहान होत चालली. खाली अंगणात गाडीचं दार वाजलं, इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणजे काय ते तिला त्या क्षणी लख्ख दिसलं: जिवंत माणूस जातोय, आणि आपण स्वप्नाची सोय करतोय.

ती धावत सुटली. पाचही कुंपणं उलटी ओलांडली, एकावर झगा फाटला, फुलं कुठे पडली ते पाहिलंही नाही. गाडी फाटकाशी आली होती. हेडविग तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून.

“मी नाही म्हटलेलं नाही,” ती म्हणाली. “मी काहीच म्हटलेलं नाही. फुलं वेचताना बोलायचं नसतं, गाढवा.”

आस्गर खाली उतरला. तिने धापा टाकत अट सांगितली, उशी सांगितली, स्वप्न सांगितलं. ऐकता ऐकता तो पांढराफटक पडला.

“म्हणजे मी तुझं सगळं मोडलं? आता स्वप्नात कुणीच येणार नाही?”

“नको येऊ दे. मला ज्याला बघायचं होतं तो गाडी काढून पळत होता.” तिने गाडीच्या बॉनेटवर हात टेकला. “मालकांना सोमवारी सांग. माझं आत्ताच ऐक. माझं तुझ्यावर प्रेम आहे. ट्रॉन्डहाइम मी उगाच घातलं होतं, तू जाऊ नयेस म्हणून. मी येते. आणि बर्गनला कुणीही बोटीत बसणार नाहीये.”

व्हरांड्यात आई आणि सिक्स्टेन आ वासून उभे होते. आस्गरला त्याचं भान नव्हतं. त्याने तिचे ओले, गवताने माखलेले हात हातात घेतले आणि भराभरा बोलू लागला. घाईत त्याची सगळी स्वीडिश हरवली. निव्वळ डॅनिश, अर्धी अक्षरं गिळलेली. डेन माणसं घशात गरम बटाटा ठेवून बोलतात असं तिच्या गावात म्हणत, आणि एरवी ती दर वाक्याला ‘काय?’ विचारायची.

त्या संध्याकाळी तिने एकदाही विचारलं नाही. तिला सगळं कळलं. तिने टाचा उंचावल्या, त्याला जवळ ओढलं आणि त्याचं वाक्य अर्ध्यावरच असताना त्याचं चुंबन घेतलं.